ड्रायव्हरकाकांनी भिंत पाडली

ड्रायव्हरकाका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नाव काही निवृत्त झालं नव्हतं. उभी हयात त्यांनी शहरातल्या बसगाड्या चालवल्या. इमारतीत कोणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नसतं. माणूस अघळपघळ, मनाने मऊ, दिसेल त्याच्याशी गप्पा मारणारा. पण एकदा डोक्यात काही घेतलं की थांबणं नाही. "गाडीला तरी ब्रेक होता, ह्यांना तोही नाही," असं काकू म्हणत आणि काका खो खो हसत.

काकू एका मोठ्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. ऐन चाळिशीत काचबिंदूने त्यांचे डोळे धरले. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही, आणि शेवटी दिवस आणि रात्र एवढाही फरक उरला नाही. पण त्या रडत बसल्या नाहीत. बोर्डावरची बटणं बोटांना पाठ होती, त्यांनी नोकरी पुरी केली. घरही त्यांनी असंच पाठ करून टाकलं. दारातून आत आलं की डावा तळवा भिंतीला लावायचा. भिंत संपली की स्वयंपाकघर. ओट्याच्या कडेचा एक टवका उडालेला होता, तिथून वीतभर पुढे शेगडी. डबे कधी इकडचे तिकडे झाले नाहीत. नवखा पाहुणा चहा पिऊन, गप्पा मारून निघून जाई, आणि बाईंना दिसत नाही हे त्याला खाली गेल्यावर कोणाकडून तरी कळे.

संध्याकाळी दोघं फिरायला जात. काकूंचा हात काकांच्या कोपराशी. रस्त्याचा कोपरा वळला की काकू विचारत, "हं, आज काय काय आहे?" आणि काका सुरू होत. कोणाच्या गॅलरीत कसले कपडे वाळताहेत, केशकर्तनालयातला माणूस रिकाम्या खुर्चीत कसा झोपलाय, ढगांचा रंग कसा फिक्या शाईसारखा झालाय. ड्रायव्हरची नजर ती, बारीकसारीकही सुटत नसे. काकू ऐकत, मधेच म्हणत, "थापा मारू नका," आणि दोघं हसत.

मग न्हाणीघर गळायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांच्या छतावर ओल आली. वायरिंगही जुनं झालं होतं, दिवा लावला की ठिणगी पडायची. एकदाचं सगळंच करून घेऊ, असं ठरलं. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने घर न बघताच आकडा सांगितला. दुसरा उद्या येतो म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उजाडला नाही. तिसरा आला तो तरुण होता. बूट दाराबाहेर काढून आत आला, नळाखाली वाकून पाहिलं, भिंती ठोकून पाहिल्या. काकूंना तो आवडला. "प्रश्न विचारतो म्हणजे ऐकतही असेल," त्या म्हणाल्या.

करार लिहिताना काकूंनीच सांगितलं, "एक गोष्ट ठळक लिहा. नवं काय करायचं ते करा, पण जिथलं तिथे. काहीही जागेवरून हलता कामा नये."

"जिथलं तिथे," कॉन्ट्रॅक्टरने मोठ्याने म्हणत लिहिलं. काकांनी काकूंचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं आणि काकूंनी सही केली. धुळीचा त्रास नको म्हणून त्या आपल्या थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे राहायला गेल्या.

काम सुरू झालं. काका रोज खुर्ची टाकून बसत आणि मजुरांना बसचे किस्से सांगत. एक दिवस कॉन्ट्रॅक्टरने त्यांना आत बोलावलं. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत पाण्याचा पाइप पार सडला होता. तो काढायला भिंत अर्धी फोडावी लागली होती. त्या भगदाडातून स्वयंपाकघराच्या खिडकीतलं दुपारचं ऊन थेट बाहेरच्या खोलीत, काकांच्या पायापर्यंत आलं होतं.

"ही भिंत भार घेणारी नाही," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "ठेवायची तर पुन्हा बांधून देतो, करारात तसंच आहे. पण पुरी काढली तर कसं दिसेल, दाखवू का?"

त्याने टॅबलेटवर चित्र दाखवलं. काकांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे. इतकी वर्षं त्या खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागत होता. काकांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"पाडा," ते म्हणाले.

"काकूंना विचारू या ना? मी फोन लावतो."

काका हसले, काहीतरी बोलले, आणि मजुराने हातोडा उचलला.

मग एकातून एक निघत गेलं. भिंत गेली म्हणून ओटा दुसऱ्या बाजूला गेला. ओटा हलला म्हणून शेगडी नवी, सपाट काचेची, बटणं नसलेली, नुसतं बोट टेकवलं की तापणारी. खण बिनमुठीचे, ढकलले की उघडणारे. प्रत्येक वेळी कॉन्ट्रॅक्टर विचारी आणि प्रत्येक वेळी काका म्हणत, "होऊन जाऊ दे!" काकू फोनवर विचारत, "काम कसं चाललंय?" काका म्हणत, "तू ये तर खरी, मग कळेल."

काकू आल्या त्या दिवशी काकांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दारात उभे राहिले. ताई काकूंना घेऊन जिना चढल्या. उंबऱ्यातून आत येताच काकूंनी सवयीने डावा हात पुढे केला.

हात हवेतच राहिला.

त्या एक पाऊल पुढे आल्या. हात जरा वर गेला, जरा खाली आला. "अहो, भिंत कुठे आहे?"

"पाडली!" काका म्हणाले. "बघ, केवढा उजेड आलाय!"

ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिथेच स्टुलावर बसल्या.  "मला ओट्यापाशी न्या," काकू म्हणाल्या. काकांनी नेलं. त्यांनी गुळगुळीत काचेवरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा.

"बटणं?"

"बटणं नसतातच ह्याला. नुसतं बोट लावायचं."

"कुठे?"

काकांनी काचेकडे पाहिलं. लाल अक्षरं चमकत होती. बोटाला लागेल असं तिथे काहीच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काकूंचं मनगट भाजलं. त्या उघड्या खणाच्या कोपऱ्यावर आपटल्या. न्हाणीघराकडे जाताना खोलीच्या मधोमध थांबायच्या आणि हाक मारायची की नाही याचा विचार करत उभ्या राहायच्या. मग त्यांनी स्वयंपाकघरात जाणंच सोडलं. एका खुर्चीत बसून राहू लागल्या. काका कच्चंपक्कं रांधून पुढ्यात ताट आणून ठेवत, आणि ज्या बाईने आयुष्यात कोणाकडे पाण्याचा पेला मागितला नव्हता ती "जरा पाणी देता का?" असं विचारी.

काकांना ते बघवेना. स्वतःवर रागावायला माणसाला जमत नाही असं नाही, पण दुसरा कोणी हाताशी असला की सोपं जातं. काकांच्या हाताशी कॉन्ट्रॅक्टर होता. त्यांनी त्याचा शेवटचा हप्ता अडवून धरला. फोनवर ओरडले, "जिथलं तिथे असं लिहून दिलंस ना? आंधळ्या बाईला फसवलंस तू!" तो म्हणाला, "काका, तुम्हीच तर..." आणि काकांनी फोन आपटला. ताईंनी तेल ओतलं, "सोडू नका त्याला. तक्रार करा." एकदा तर काका इमारतीच्या फाटकापाशी त्याच्या गाडीसमोर उभे राहिले. चार माणसं जमली. शेवटी वकीलसाहेबच म्हणाले, कोर्टकचेरी नंतर बघू, आधी माझ्याकडे या सगळे.

"मीही येणार," काकू म्हणाल्या. "माझ्या घराचं बोलणं आहे."

वकीलसाहेबांच्या बैठकीत सगळे बसले. काका तावातावाने बोलले. करार दाखवला, काकूंचं भाजलेलं मनगट दाखवलं. वकीलसाहेब कॉन्ट्रॅक्टरकडे वळले. "करारात बदल करायचा तर लेखी घ्यायचा, एवढं तुम्हाला ठाऊक हवं होतं."

"चुकलं साहेब. तेवढं माझं चुकलं," तो म्हणाला. "पण फसवलं म्हणतायत ते खोटं आहे. मी प्रत्येक गोष्ट विचारून केली. भिंतीच्या वेळी तर काकूंना फोन लावत होतो. फोन हातात होता माझ्या."

"मग का नाही लावलात?"

 कॉन्ट्रॅक्टरने काकूंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "जाऊ द्या साहेब."

"जाऊ कसं द्यायचं? फसवणुकीचा आरोप आहे तुमच्यावर. बोला."

"काका म्हणाले..." तो अडखळला. "म्हणाले, तिला कुठे दिसतंय? तिला काय फरक पडतो?"

 बैठकीत त्या वेळचा दुसरा साक्षीदार कोणी नव्हता. काकांनी नुसतं 'खोटं' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. त्यांना ती दुपार आठवली, ते ऊन आठवलं, आणि आपलं हसणं आठवलं. काकूंनी मान किंचित कलती करून त्या गप्पपणाचा आवाज ऐकला, आणि त्यांना उत्तर मिळालं.

"तसं नाही गं," काका कसेबसे म्हणाले. "ते मी आपलं..."

"वकीलसाहेब," काकू म्हणाल्या, "कॉन्ट्रॅक्टरचा राहिलेला हप्ता आज देऊन टाकायला सांगा. त्यांना जे सांगितलं, ते काम त्यांनी केलंय." त्या उठल्या. काकांनी कोपर पुढे केलं होतं. काकूंनी ताईंचा हात शोधला आणि धरला.

घरी भांडण झालं नाही. झालं असतं तर काकांना बरं वाटलं असतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिसऱ्या दिवशी काकांनीच विषय काढला. "माझ्या तोंडून निघून गेलं. माझ्या मनात तसं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही."

आणि खरोखरच काही नव्हतं. काकू हसून बोलत, औषधाची आठवण करत, संध्याकाळी फिरायला येत. हात कोपराशी असे. फक्त कोपरा वळला तरी त्या काही विचारत नसत. काकांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग न विचारताच सांगायला सुरुवात केली. लाल छत्री घेतलेली एक बाई चाललीय, एका दुकानाची पाटी उलटी लागलीय. "हो का," काकू म्हणत. "असं होय." ऑफिसात नको असलेला फोन आला की ज्या गोड आवाजात बोलत, त्याच आवाजात. एकदा ढगांबद्दल सांगता सांगता काका वाक्याच्या मधेच थांबले. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल.

मग एके दिवशी काकूंनी स्वतः कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो धावतच आला. "काकू, माझ्या खर्चाने भिंत पुन्हा बांधून देतो," दारातच म्हणाला.

"नको. पुन्हा धूळ नको, आणि पुन्हा घर सोडून जायचं नाही मला. आहे त्यातच मी सांगते तसं करा."

त्याने बूट काढले आणि काकूंबरोबर घरभर फिरला. काकू सांगत होत्या, तो करत होता. भिंत होती त्या ओळीत कमरेइतक्या उंचीचा लाकडी कठडा, दारापासून ओट्यापर्यंत. खणांना मुठी. शेगडीच्या काचेवर रबराचे बारीक ठिपके, कुठे एक, कुठे दोन. ठिपका काचेवर किती वर आलेला हवा ते कळेना, तेव्हा त्याने डोळे मिटून स्वतःच बोट फिरवून पाहिलं, आणि काकू म्हणाल्या, "अस्सं. आता कळलं तुम्हाला." काका टेप धरायला पुढे झाले. "राहू द्या," काकू म्हणाल्या, "हे धरतायत." काका गॅलरीत जाऊन उभे राहिले. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, मधेच काकूंचं हसूही. कितीतरी दिवसांनी ते हसू घरात ऐकू आलं होतं.

काम संपलं तेव्हा काका त्याला सोडायला खाली गेले. गाडीपाशी म्हणाले, "तू तिच्यासमोर ते बोलायला नको होतंस."

"काका, मी टाळत होतो. तुम्ही मला चोर म्हणत होतात हो." तो थोडा वेळ किल्ल्या चाळवत राहिला. "मी असं बोललो नसतो तर..."

"तर काय," काका म्हणाले. "बोललो मीच होतो."

ते जिना चढून वर आले. काकू कठड्याला हात लावून ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच चहा केला होता, एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा. एक थेंबही सांडला नव्हता.

"तुमचा कप टेबलावर आहे," त्या म्हणाल्या. "साखर तुमची तुम्ही घाला."

संसाराला इतकी वर्षं झाली, पण काकांनी स्वतःच्या चहात साखर कधी घातली नव्हती. किती लागते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते चमचा हातात घेऊन उभे राहिले, विचारावं की नाही ते ठरवत. काकू आपला कप घेऊन, कठडा चाचपत, खिडकीपाशी जाऊन बसल्या. त्यांनी चेहरा बाहेरच्या बाजूला केला होता. काकांनी अंदाजाने साखर घातली. फार गोड झाला. त्यांनी तो सगळा प्यायला.