इतिवृत्तातलं एक वाक्य

आमच्या डोंगरी गावाहून भाईंदर स्टेशनला जाणारी सकाळची बस. अकरा वर्षांपूर्वी त्या बसमध्ये दोन बॅगा घेऊन मी चढले, तेव्हा स्टॉपवर निम्मी आळी जमली होती. दुबईला किंवा जहाजावर जाणाऱ्याला सोडायला आमच्याकडे कोणी एवढं येत नाही, ती रोजची गोष्ट. पण मी रोमला चालले होते, आणि तेही नन व्हायला नाही. शेजारच्या काकीने आयला सरळच विचारलं, "नन व्हनार न्हाय, मंग रोमला कनाला?"

आय तिच्याकडून माझ्याकडे वळली. खिडकीतून माझा हात धरून ती मला एवढंच म्हणाली, "बाय, तिकडं कोनाशी वाद घालू नको. आपलं कोनी न्हाय तिकडं." बाबा होड्या दुरुस्त करणारे सुतार. बस सुटेपर्यंत ते ड्रायव्हरशी गप्पा मारत उभे राहिले.

काकीच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मलाही नीट देता आलं नसतं. आज देते. मागे राहिलेल्यांसाठी देते, आणि माझ्यासारखे बॅगा उचलून गेलेल्यांसाठीही.

मी वकिली शिकले होते. मीरा रोडच्या शांती नगरमध्ये एका वकिलाकडे सोसायट्यांच्या भांडणांचे कागद तयार करायचे. पार्किंग, गळती, चेअरमन-सेक्रेटरी. दिवसभर हिंदी बोलायचं, संध्याकाळी रिक्षाने घरी आलं की पुन्हा आपली बोली. त्याच सुमारास माझी मामेबहीण रेजिना चर्चच्या कोर्टात गेली. तिचा नवरा लग्नानंतर सहा महिन्यांत परदेशी गेला आणि परतला नाही. ते लग्न मुळातच रद्द ठरावं म्हणून तिचा अर्ज होता. तीन फादर समोर, मध्ये टेबल. त्यांनी विचारलेल्या खाजगी प्रश्नांपुढे तिची बोबडी वळली. नंतर तिने मला निकाल दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'अर्जदार स्त्रीला पूर्ण संधी देऊनही तिने समाधानकारक उत्तरे दिली नाहीत.' रेजिना म्हणाली, "संधी? एक बाई जरी बसली असती ना समोर, तरी मी बोलले असते."

आमच्या फादरांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की चर्चचा कायदा, म्हणजे कॅनन लॉ, शिकायला फादर किंवा सिस्टर असावं लागत नाही. शिकणारी साधी बाई मात्र त्यांना अजून भेटली नव्हती. बिशपांची शिफारस मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि तीन वर्षांत परत येऊन चर्चच्या कोर्टात काम करायचं असं ठरलं.

तीन वर्षांनी मी परतले नाही. हे आधीच कबूल करते. रोममधला अभ्यास संपला तेव्हा उत्तरेकडच्या एका शहरातल्या कॅथलिक विद्यापीठाने मला बोलावलं. शहराचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. आधी डॉक्टरेट, मग शिकवणं, मग आणखी एक वर्ष, मग आणखी एक. रेजिनासाठी शिकायला गेलेली मी, रेजिनाच्या गावात काही परत आले नाही. चौथ्या वर्षी बाबा गेले, तेव्हा मी पोचले ती मातीनंतर. आयने तो विषय कधी काढला नाही. पण तेव्हापासून ती फोनवर आधी माझ्या तब्येतीची चौकशी करते आणि मग फोन ठेवायची घाई करते.

आमच्या त्या विद्यापीठात ईशज्ञान, तत्त्वज्ञान आणि कॅनन लॉ अशा तीन फॅकल्ट्या आहेत. त्या इतर फॅकल्ट्यांसारख्या नसतात. त्यांच्या पदव्या रोमच्या अधिकाराने दिल्या जातात, त्यांची नियमावली रोमने मंजूर केलेली असते. वर एक ग्रँड चॅन्सेलर असतो, आमच्याकडे तो शहराचा बिशप. वर्गात उभं राहून शिकवायचं तर त्याची परवानगी लागते, आणि कायम नेमणुकीआधी रोमहून 'आमची हरकत नाही' असं पत्र यावं लागतं. आपल्याकडे एवढं सांगितलं की लोक हसतात. मेल्विन, माझा धाकटा भाऊ, म्हणतो, "ताई, एवढ्या परवानग्या तर महापालिकापण मागत नाही." पण मला त्यात एक गोष्ट आवडायची. ज्या नियमांनी शिक्षकाला वर्गाबाहेर काढता येतं, त्याच नियमांत लिहिलंय की काढण्याआधी त्याला आरोप सांगा, पुरावा दाखवा, त्याची बाजू ऐका. रेजिनाला जे मिळालं नाही, ते कागदावर तरी होतं.

त्या विद्यापीठातल्या माझ्या सातव्या वर्षी मला सिनेटची सचिव केलं. सिनेट म्हणजे तिन्ही फॅकल्ट्यांचा कारभार बघणारी बैठक. रेक्टर अध्यक्ष, आणि मी इतिवृत्त लिहिणार. त्याच वर्षी माझ्या कायम नेमणुकीची फाइल तयार झाली. ती रोमला पाठवायला रेक्टर आणि ग्रँड चॅन्सेलर दोघांच्या सह्या हव्या होत्या. माझा इटलीत राहायचा परवाना त्या नोकरीवर होता. नेमणूक नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर परवाना नाही.

फाइल रेक्टरांच्या टेबलावर असतानाच फादर तोमाझोंविरुद्ध पत्र आलं.

फादर तोमाझो तत्त्वज्ञान शिकवायचे. वय पासष्टच्या पुढे, आवाज मोठा, स्वभाव तिरसट. माझं इटालियन कच्चं होतं तेव्हा त्यांनी वर्षभर माझे लेख लाल शाईने तपासले होते, आणि एकदाही शाबास म्हटलं नव्हतं. पत्रात काही विद्यार्थ्यांनी लिहिलं होतं की ते वर्गात चर्चच्या शिकवणीची टर उडवतात. आठवड्याभरात ग्रँड चॅन्सेलरांनी त्यांचे वर्ग थांबवले. इथपर्यंत ठीक होतं. प्रकरण गंभीर वाटलं तर चौकशी होईपर्यंत तात्पुरते वर्ग थांबवता येतात. पण चौकशी झालीच नाही. पुढच्या बैठकीत रेक्टरांनी दहा मिनिटांत ठराव मांडला, शिकवण्याची परवानगी कायमची काढून घ्यावी. हात वर झाले. माझाही झाला असता, पण मी लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी रेक्टरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी कॉफी मागवली, मला बसवलं.

"दोत्तोरेस्सा," ते म्हणाले. तिकडे शिकलेल्या बाईला असं म्हणतात. "इतिवृत्तात एक वाक्य राहिलंय. संबंधित शिक्षकाचे म्हणणे ऐकून घेण्यात आले."

"ते ऐकलं नाही ना, फादर."

"मी त्यांच्याशी कॉरिडॉरमध्ये बोललोय."

"त्यांना पत्र दाखवलं?"

"दाखवून काय होणार? त्यांचं एक वर्ष राहिलंय. सगळ्यांना त्रास कशाला?" मग त्यांनी टेबलाच्या कडेला असलेल्या निळ्या फाइलवर हात ठेवला. धमकी दिली नाही. फक्त म्हणाले, "ही पण या आठवड्यात चॅन्सेलरांकडे न्यायची आहे. दोन्ही कागद एकदमच नेतो."

मी विचार करून सांगते म्हणाले आणि उठले. कॉफी तशीच राहिली.

घरी फोन केला. तिकडे दुपार, डोंगरीत संध्याकाळ. मला वाटलं होतं, आय म्हणेल, बाय, खोटं लिहू नको. लहानपणी एक रुपयाची चिंच न विचारता तोडली म्हणून तिने मला झोडपलं होतं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "लिही आनि मोकली हो. तो फादर आपला कोन? तू परकी हायेस तिकडं. मी सांगितलेलं ना, वाद घालू नको?"

"आय, पण ते खोटं आहे."

"मंग? तुज्या एकटीनं खरं व्हनार हाय का?"

मेल्विनने फोन घेतला. "ताई, काय करतेयस तू? एवढी वर्षं घालवलीस, आता एका लाइनसाठी? साइन कर आणि विषय संपव."

फोन ठेवला तेव्हा मला दोघांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. कारण ते चुकीचं बोलत नव्हते. तीन दिवस मी ते वाक्य लिहून बघितलं. सहा शब्द. 'ऐकून घेण्यात आले' यात कोणी ऐकलं हेही सांगावं लागत नाही. दरवेळी मला रेजिनाचा निकाल आठवायचा. 'पूर्ण संधी देऊनही.' तेही असंच कुणीतरी टेबलाशी बसून, कदाचित कॉफी पिऊन, लिहिलं असेल. ते लिहिणारा माणूसही वाईट नसेल.

चौथ्या दिवशी मी इतिवृत्त दिलं. त्यात लिहिलं, 'संबंधित शिक्षकाला तक्रार दाखवण्यात आलेली नाही व त्यांचे म्हणणे नोंदवलेले नाही.' सोबत नियमावलीतलं कलम जोडलं. रेक्टरांनी दोनदा वाचलं. "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय?" मी हो म्हणाले.

पुढचे दोन महिने कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी कोणी बसलं नाही. मी जिना चढायला लागले की वर चाललेलं बोलणं थांबायचं. पण असं इतिवृत्त जोडलेला ठराव पुढे पाठवणं अवघड होतं. शेवटी तीन जणांची समिती नेमली गेली आणि फादर तोमाझोंना बोलावलं. त्यांना पत्र दाखवलं. त्यांनी मान्य केलं की दोन वाक्यं त्यांनी खरंच म्हटली होती, चिडून. बाकीची नाही, आणि वर्गातल्या नोट्सवरून ते सिद्धही झालं. त्यांना लेखी समज मिळाली. परवानगी राहिली.

मला वाटलं, ते मला काहीतरी म्हणतील. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मला गपचूप निघून जायचं होतं. तुझ्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या माणसांपुढे बसून जाब द्यावा लागला." आणि वर निघून गेले. त्या दिवशी मी रडले. रेक्टरांपुढे नव्हते रडले.

माझी फाइल हलली नाही. कोणी नाकारली नाही, फक्त पाठवली नाही. करार संपला, परवान्याची मुदत संपत आली, आणि मी बॅगा भरल्या.

डोंगरीत मी परतले ती मे महिन्यात. माझ्या खोलीत आता मेल्विनच्या मुली झोपतात, म्हणून माझी गादी हॉलमध्ये. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने विचारलं, "किती दिवस?" दुसऱ्या आठवड्यात विचारणं थांबलं, त्याचा जास्त त्रास झाला. मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूला उंच बिल्डिंगा झाल्यात, माझ्या वकिलांचं ऑफिस मला शोधावं लागलं. भाजीवाल्याशी बोलताना तोंडात इटालियन शब्द यायचा. तिकडे असताना मला घर म्हणजे डोंगरी वाटायचं. इथे आल्यावर कळलं, की डोंगरीने माझ्यावाचून राहायची सवय केलीय. यात कुणाचा दोष नाही. बाहेर गेलेल्यांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना हे माहीत आहे, फक्त आपण व्हिडिओ कॉलवर ते बोलत नाही.

आय माझ्याशी जेवणापुरतं बोलायची. मी तिचं ऐकलं नाही, आणि आता बघ, असं तिला वाटत असणार. रेजिना मात्र रोज यायची. तिने आता दुसरं लग्न केलंय, नोंदणी पद्धतीने; चर्चच्या लेखी मात्र पहिलंच अजून कायम. तिच्याबरोबर मी चर्चच्या कोर्टात गेले. माझ्यामुळे तिची फाइल पुन्हा उघडली, एवढं तरी झालं. तिथे त्यांनी मला बायकांच्या जबान्या घ्यायला बसवलं. चार महिने मी ते केलं.

सप्टेंबरात ईमेल आला. तिकडे रेक्टर बदलले होते. नव्या रेक्टरांनी माझी फाइल रोमला पाठवली होती, आणि तिथून 'हरकत नाही' आलं होतं. मी ती ओळ मोबाइलवर तीनदा वाचली. आनंद झाला, आणि पुन्हा सगळं सोडून जावं लागणार याचं दुःखही. जाणार हे मला ती ओळ वाचतानाच कळलं होतं. पण या वेळी मी अट घातली, वर्षातले तीन महिने, जानेवारीपासून, इथल्या चर्च कोर्टासाठी. ती त्यांनी मान्य केली.

जाण्याच्या आदल्या दुपारी आय मागच्या ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. मी बाजूला लसूण सोलायला बसले. मेल्विन कामाला, मुली शाळेत. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "काय झालेलं तिकडं? सुरवातीपासून सांग. तवा मी भ्याले, म्हनून ऐकलं न्हाय."

मी सांगितलं. रेक्टर, निळी फाइल, ती सहा शब्दांची ओळ, जिन्यातलं बोलणं, कँटीनमधलं टेबल. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. बोंबील संपले तरी उठली नाही, हात तसेच ओले ठेवून बसून राहिली. माझं संपल्यावर तिने विचारलं, "तो फादर चिडला तुज्यावर, त्याचं लई वाईट वाटलं ना तुला?"

अकरा वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"मंग रड आता," आय म्हणाली. "इथं कोनी लिहून घेत न्हाय."

आता मी पुन्हा त्या शहरात आहे, आणि जानेवारीची वाट बघतेय. घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी डोंगरी सांगते. पण मनात मी गावाचं नाव घेत नाही. मनात ती दुपार असते. एक बाई हातातलं काम संपलं तरी उठत नाही, आणि माझं बोलणं पूर्ण होऊ देते.