सरका वाईच

बाबा रंगाच्या कंपनीत होते, डोंबिवलीच्या एमआयडीसीत. कापड रंगवायची पावडर तिथे बनायची. ती त्यांच्या अंगात इतकी मुरलेली की घामसुद्धा रंगीत यायचा. बनियन कितीही घासला तरी बगलेत गुलाबी, उशीचा अभ्रा कायम पिवळा. आम्ही भावंडं विचारायचो, "बाबा, आज कुठला?" ते मोरीत खाकरून थुंकायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "आज हिरवा." आम्ही हसायचो. पुढे खोकला हटेना, कंपनीने घरी बसवलं, आणि हसण्यासारखं काही राहिलं नाही. पेजेत मीठ टाकून तेच जेवण म्हणून आम्ही खाल्लंय. सांगायला मला लाज वाटत नाही.

मग आईने एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये झाडलोटीचं काम धरलं. त्या हॉलमध्ये दर दिवाळीला रांगोळी मंडळाचं प्रदर्शन भरायचं. ठिपक्यांची रांगोळी नव्हे, माणसांचे चेहरे. हुबेहूब, फोटोसारखे. मंडळी सगळी हौशी, कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी घर सांभाळून आलेल्या बायका. प्रदर्शन संपलं की चेहरे पुसायचे. आपण काढलेलं आपल्याच हाताने पुसवत नाही, म्हणून ते काम आईकडे.

आई साताऱ्याकडची. 'जरा'ला 'वाईच' म्हणायची. केरसुणी हातात घेऊन प्रत्येक चेहऱ्यापुढे उभी राहायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "सरका वाईच, साहेब." खुर्चीवर बसलेल्या माणसांना म्हणायची तेच. मग फरशीवर पुढारी असो, संत असो की सिनेमातला नट.

मंडळाचा एक दंडक होता. डोळे सगळ्यात आधी काढायचे आणि सगळ्यात शेवटी पुसायचे. त्यामुळे आई कडेने झाडत आत यायची. पागोटं जायचं, गाल जायचे, ओठ जायचे, आणि भल्यामोठ्या फरशीवर नुसते दोन डोळे उरायचे. मी दारात उभी असायची. ते डोळे माझ्याकडे बघायचे. मी कुठेही सरकले तरी बघायचे.

पुसलेल्या सगळ्या रंगांची मिळून एक करडी पूड व्हायची. मंडळात तिला 'मिसळ' म्हणायचे. ती फेकायची नाही. चाळून गोण्यांत भरायची आणि पुढच्या वर्षी नव्या चेहऱ्याखाली तिचाच थर द्यायचा. म्हणजे प्रत्येक चेहऱ्याखाली आधीचे सगळे चेहरे. हे कळल्यापासून मी त्या गोण्यांवर कधी बसले नाही.

तरी त्याच मिसळीवर मी शिकले. आई विचारून मूठ-दोन मूठ आणायची. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, दिवाळी म्हणजे नुसती सुट्टी, आणि दारापुढे उघडं गटार. रांगोळी घालायला अंगण कुठलं? खाट उभी करून ठेवायची आणि खाटेखालच्या जागेत काढायची. रंग एकच, करडा. दाट टाकला की सावली, विरळ टाकला की उजेड.

आमच्या घराण्यातली पहिली बी.कॉम. मी. कल्याणच्या कॉलेजात सकाळची बॅच केली, ठाण्यात बँकेत लागले, आणि पहिल्या पगारानंतर त्या हॉलमध्ये सभासद व्हायला गेले. मंडळ चालवणारे सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना आधीच सांगून टाकलं, "ती झाडतेय ना, ती माझी आई."

सर म्हणाले, "मग काय झालं? दोघीही पायात नका येऊ म्हणजे झालं. आणि शिंक आली तर बाहेर पळायचं."

जिवंत माणूस काढायचा नाही, हाही मंडळाचा दंडक. मी एकदा आईला म्हणाले, "तुला काढू का गं?"

"आगं, जित्या माणसाला काढत न्हाईत."

"नियम गेला खड्ड्यात."

"मी गेल्यावर काढ." ती हसली. "पर मंग पुसाया कोन येईल?"

एवढंच बोलून ती बादली घेऊन निघून गेली.

आई गेली ती साध्या तापाने. त्या दिवाळीत मी एका संताचा चेहरा घेतला. डोळे काढले, मागे सरकून बघितलं. डावी पापणी खाली आलेली. आईची तशी होती. आयुष्यभर धूळ झाडताना तो डोळा बारीक करून करून ती तशीच राहिली होती. मी चमच्याने उचलून परत काढली. परत तशीच. वाटलं, हात थकला. पुढच्या वर्षी गायिका काढली, पापणी खाली. त्याच्या पुढच्या वर्षी शास्त्रज्ञ. लोक खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "यांना कुठेतरी बघितलंय." सर काठीने दाखवत म्हणाले, "अगं, तुझी सगळी माणसं एकाच आईची लेकरं दिसतात की!"

पण मला ऐकू यायचं. पुसाया कोन येईल?

मी चेहरे सोडून दिले. पुढची बरीच वर्षं फक्त कडेची नक्षी काढली, दारात बसून येणाऱ्यांना गुलाबपाणी शिंपडलं. बाकीच्यांचे चेहरे पुसायला नवी बाई यायची. ती काही न बोलता झाडायची. केरसुणीचा आवाज तोच. मी त्या वेळी हॉलबाहेर जाऊन उभी राहायची.

गेल्या वर्षी सरांनी सगळ्यांना बोलावलं. जमलो किती, तर एका सतरंजीवर मावलो. त्यातही निम्मे खुर्च्या मागायला लागले.

"मंडळ बंद करू," सर म्हणाले. "रांगोळीला जमीन लागते आणि जमिनीला गुडघे. आपले संपले."

"नवीन मुलं घेऊ की सर," आमच्यातली एक ताई म्हणाली.

"नवीन मुलांना स्टिकर मिळतो. सोलायचा, चिकटवायचा, फोटो काढायचा. तुझ्या सुनेने काय केलं दारात?"

"स्टिकर," ताई म्हणाली, आणि सगळे हसले. हसताना कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

शेवटचं एक प्रदर्शन करायचं ठरलं. हॉलमधली मधली जागा मोठ्या चेहऱ्याची. सरांनी काठी माझ्याकडे वळवली.

"मी चेहरे काढत नाही, सर."

"माहितेय. मग मधली जागा मोकळी ठेवतो. लोकांना सांगू, इथे एक हट्टी बाई बसणार होती."

शेवटी बसले. फोटो घेतला नाही. आईचा होता तो मतदानाच्या कार्डावरचा, नखाएवढा. आणि मंडळातला गव्हाळ रंग तिला चालणारा नव्हता. आई काळी होती, चांगली तव्यासारखी. मी गोणी सोडली आणि सगळा चेहरा नुसत्या मिसळीत काढला, खाटेखाली काढायचे तसा. हात घातला तेव्हा पूड गार लागली, आणि मनात आलं, यातलं बहुतेक तिनेच झाडलेलं.

डोळे आधी काढले. डावी पापणी खाली आली. या वेळी ती दुरुस्त करायची नव्हती.

प्रदर्शनात लोक त्या चेहऱ्यापाशी थांबायचे आणि आवाज खाली आणायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "या कोण? कुठल्या मोठ्या समाजसेविका का?" मी म्हणाले, "या इथे झाडायच्या." चपला नव्हत्याच त्यांच्या पायात, तरी त्यांनी पाय मागे घेतल्यासारखं केलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी नवी बाई केरसुणी घेऊन आली. बाकी सगळे चेहरे तिने झाडले. मधल्याकडे वळली तसं मी केरसुणी मागून घेतली. सर खुर्चीवर होते, त्यांनी काठी बाजूला घेतली. पंखे बंद, खिडक्या बंद. मी पदर खोचला. जे साहेबांना म्हणायचं ते आईला कसं म्हणायचं? मग म्हणाले, "सरक वाईच, आई."

कडेने आत आले. पदर गेला, कपाळ गेलं, हनुवटी गेली. डोळे उरले. उजवा पुसला. डावा तसाच माझ्याकडे बघत होता, पापणी खाली टाकून, धूळ येतेय तशी. मी पुसला.

हॉलची किल्ली सरांनी शाळेच्या शिपायाकडे दिली. मिसळीची गोणी कोणी नेईना. मी रिक्षात घालून घरी आणली. ती गॅलरीत आहे. तिच्यावर अजून कोणाला बसू देत नाही.

यंदा दिवाळीला आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर मी एका मुलीचा चेहरा काढला. कोणाचाही नाही, मनातला. दोन्ही पापण्या सारख्या आल्या. दुसऱ्या दिवशी तो मीच पुसला.