वरची हातभर जागा

रियाधहून धाहरानला आज कोणीही सहज चारेक तासांत पोचतं. आखाती युद्धाच्या त्या जानेवारीत मला आधी कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या मालकाची, चिठ्ठी लागली. इकाम्यासोबत, म्हणजे राहण्याच्या परवान्यासोबत, ती नसेल तर दुसऱ्या शहरात जायची सोय नव्हती. "मेहुणा आजारी आहे," असं धडधडीत खोटं बोलून मी ती मिळवली.

मी दापोलीचा, रियाधमध्ये पाट्या रंगवणारा. माझे मेहुणे गफूरभाई धाहरानजवळ एका कंत्राटदाराच्या यार्डात ड्रायव्हर होते. ते फोनवर म्हणाले, "इथे कॅनडाचा एक आदिवासी वेल्डर आहे. खांबावर एकावर एक चेहरे कोरतोय, टोटेम पोल म्हणतात त्याला. फोरमन तो ठेवणार नाही. तोडायच्या आत येऊन चित्र काढ."

रस्ता सरळसोट, पुढे लष्करी ट्रकांची रांग. नाक्यांवर तीनदा खाली उतरवलं. वाटेत पंपाशेजारी गरम फूल, म्हणजे शिजवून घोटलेला बाकला, आणि खुबूस रोटी खाल्ली. स्वस्त आणि पोटभर, तुम्हीही चुकवू नका. यार्डात पोचतो तोच सायरन वाजला. साहेब लोकांनी गॅस मास्क चढवले आणि आमच्या हातात ओले टॉवेल दिले! आजही आठवलं की डोकं फिरतं.

वेल्डरचं नाव वेस्ली. यंत्राच्या खोक्यातली जाड तुळई आडवी टाकून तो जेवणाच्या सुट्टीत कोरायचा. खाली अस्वल, मग देवमासा, मग कावळा. आई गेली तेव्हा विमानं बंद होती, त्याला जाता आलं नाही. हा खांब तिच्यासाठी होता. सगळ्यात वर हातभर जागा कोरी होती.

"तिथे कोण, ते मामा सांगणार," तो म्हणाला. "हे चेहरे घराण्याचे असतात. मनाने कोरत नाही आम्ही. त्याचं पत्र येऊ दे."

पत्र कुठलं येतंय? लढाईने टपाल अडकून पडलं होतं.

तीन दिवस मी प्लायवुडवर खांब रंगवला, कोरणारे त्याचे हात रंगवले. चौथ्या दिवशी वेस्ली कामावर असताना फोरमनने करवत लावून खांबाचे तुकडे केले आणि खंदकाच्या दाराला टेकू दिले. मी मध्ये पडलो तर म्हणाला, "खलास, यल्ला!" संपलं, चल नीघ. संतापाने मी ब्रश उचलला आणि चित्रातली कोरी जागा भरून टाकली. ऐटबाज गरुड काढला. पाटीवाल्याच्या हाताला कोरी जागा बघवतच नाही.

वेस्ली आला. तुकड्यांवरून हात फिरवला, मग चित्रापाशी थांबला.

"हा कोण?"

"गरुड. शोभतो ना?"

"कोणाला विचारून?"

मी भडकलोच. तुझ्यासाठी खोटं बोलून आलो, सायरनखाली बसलो, आणि वर मलाच जाब? गफूरभाईंनी माझा दंड धरला. "गप बस! खांब त्याचा गेला, नि ओरडतोस तू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन मी गरुड पुसला. वेस्ली शेजारी उभा राहून बघत होता. पत्र पंधरा दिवसांनी आलं, गफूरभाईंनी कळवलं. तोवर वेस्लीला घरी धाडलं होतं, म्हणून न उघडताच ते परत गेलं.

चित्र आता दापोलीला ओटीवर आहे. फोरमनवरचा राग तसाच आहे, स्वतःवरचा जरा जास्तच. परवा एक पाहुणे म्हणाले, "वरचं तेवढं पुरं करा की, तुम्ही तर पेंटर!"

मी अंगावरच गेलो त्यांच्या. "कोणाला विचारून?"