जुनी डिस्क आणि जाऊबाईचे धवले

एका कॉम्प्युटरला दोन डिस्क कशाला लागतात, हे सुनेने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मला राग आला. डिस्क म्हणजे त्या डब्यातली चपटी पेटी, सगळं साठवायची. सून आमच्या पडवीत बसून गावातल्या लोकांचे फॉर्म भरून देते. जुन्या डिस्कवर नव्या वेबसाइट उघडेनात, म्हणून तिने कारागिराकडून दुसरी बसवून घेतली. मग जुनी काढून टाकायची ना? तर नाही. मराठी टायपिंगचा तिचा जुना प्रोग्राम फक्त जुनीवर चालतो. दोघींची सिस्टीम वेगळी. चालू करताना एक बटण दाबायचं, यादी येते, त्यातून हवी ती निवडायची. नवीवर बसलात आणि जुनीचं काम निघालं, की सगळं बंद करा आणि पुन्हा चालू करा.

"एका घरात दोन चुली मांडल्यास गं," मी म्हटलं.

"चुली दोन असल्या म्हणून भांडण होतंच असं नाही, आई."

पन्नास वर्षं जावेसोबत काढलेल्या बाईला ही शिकवते.

माझी थोरली जाऊ धवलारीण. आमच्यात हळदीपासून मांडवापर्यंतचे विधी धवलारीण करते आणि त्या त्या वेळचे धवले गाते. भटजी येतो तो नंतर. जाऊबाई पुढची ओळ म्हणायची आणि मी मागची ओढायचे. त्यामुळे इतकी लग्नं लावूनही मला अर्धेच धवले येतात. चार वर्षांपूर्वी सुनेने तिला समोर बसवून सगळे टाइप करून घेतले होते. पुढच्या वर्षी जाऊबाईला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. आता तिच्या नातीचं लग्न ठरलं. तिचा मुलगा म्हणाला, "काकी, नसेल जमत तर स्पीकर लावू." जाऊबाई तिथेच खुर्चीत होती. तिने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "स्पीकर तुझ्या बारशाला लावला होता काय? मी गाते."

म्हणून तर बसले, पण धवले जुन्या डिस्कवर. लग्नाला सहा दिवस होते. सुनेने बटण दाबलं, यादी आली. यादीत एकच नाव. नवी होती, जुनी गायब.

"गेली," सून म्हणाली.

"गेली म्हणजे? तिला पाय हायेत काय?"

तिने कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, जुनीच्या वायरी बघा, कुणी हलवल्या का. सून माझ्याकडे बघायला लागली. मी माठाकडे बघत होते.

"आई, दसऱ्याला तुम्ही डबा उघडला होता?"

उघडला होता. आमच्याकडे दसऱ्याला घरातलं सगळं लोखंड पुसून, तेल लावून पुजतात. कोयता, विळी, होडीचं इंजिन. इंजिनाला काय नुसतं बाहेरून फूल वाहतात? उघडून आतून पुसतात, नाहीतर खारा वारा सहा महिन्यांत खाऊन टाकतो. तसाच मी डबा उघडला. दोन्ही डिस्कच्या वायरी काढल्या, खोबरेल लावलेल्या फडक्याने त्यांची तोंडं पुसली, हळदकुंकू लावलं आणि वायरी पुन्हा खोचल्या. नवी नीट बसली होती, तिचं काम रोज चालू होतं. जुनीकडे महिनाभर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"खोबरेल, आई?"

"गंजली तर न्हाय ना?"

सुनेने कपाळाला हात लावला. मग स्पिरिटचा बोळा घेऊन तासभर ती हळद काढत बसली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. वायर घट्ट खोचली, बटण दाबलं, यादीत दोन नावं आली. धवले होते, सगळेच्या सगळे.

तरी काम झालं नाहीच. प्रिंटर नवा, त्याला जुनी सिस्टीम ओळखत नाही. धवले नवीवर नेले तर अक्षरांच्या जागी टिंबं, कंस आणि उलटीसुलटी इंग्रजी. सुनेने मोबाईलने पडद्याचे फोटो काढले आणि नवीवरून छापले. कागदभर लाटाच लाटा, अक्षरं त्यात बुडालेली. आणि मोबाईल हातात धरून गायला माझा एक हात काय मोकळा असतो? एकात हळद, दुसऱ्यात तांदूळ.

शेवटी मी वही आणायला लावली. सून पडद्यावरून वाचत गेली, मी लिहीत गेले. मोठ्ठी अक्षरं, एका पानावर सात ओळी. तीन दिवस लागले. माझं शिक्षण चौथी. बोटं आखडली. इतकी महागाची दोन डोकी त्या डब्यात, आणि काम कुणी केलं तर शाळेतल्या वहीने.

हळदीच्या सकाळी वही पाटावर उघडी ठेवून मी गायला बसले. नवऱ्या मुलाकडची एक बाई शेजारणीला म्हणाली, "धवलारीण वही बघून गाते व्हय?"

"तू न बघता गा, मी वही मिटते," मी म्हटलं. ती पदर सारखा करत बसली.

जाऊबाईची खुर्ची नवरीच्या पाटाजवळ होती. मधेच तिने चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मला वाटलं, पाणी पाहिजे. तिने पुन्हा आपटला आणि वहीकडे बघितलं. हळदीच्या बोटांनी माझी दोन पानं एकदम उलटली होती. मी मागे गेले, सुटलेलं म्हटलं. तिने हात मांडीवर घेतला. त्यानंतर आणखी तीनदा आपटला. शेवटच्या वेळी माझंच बरोबर होतं, सुनेनेही वाकून वहीत बघितलं. पण नात तिची आणि धवले तिचे. तिचा हात खाली जाईपर्यंत मी ती ओळ फिरवून फिरवून म्हटली.