गरम पाणी चालत नाही

मी माझा रिटेनर आंब्याच्या पेटीत भरला. वर झाकण घातलं. खिळेही मीच ठोकले.

दातांचा रिटेनर. टाळूला बसणारी गुलाबी पट्टी, पुढे तार. ब्रेसेस काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दात पुन्हा जुन्या जागी पळतात, हा घालायचाच. जेवताना काढून डबीत ठेवायचा. गार पाण्याने घासायचा. गरम पाणी चालत नाही." सगळं पाठ केलं. डबी तेवढी घरी विसरलो. बागेत भाकरी खायला बसलो आणि रिटेनर ठेवला समोरच्या रिकाम्या पेटीत, पेंढ्यावर. मऊ जागा म्हणून! जेवून उठलो आणि त्याच पेटीत हापूस रचले.

पेटी गेली भाऊंच्या ओटीवर. भाऊ म्हणजे बागेचे मालक. माझा आजाही त्यांच्याकडेच राबला. लहानपणी माझे दात पुढे होते, म्हणून भाऊंनी मला नाव ठेवलं खवणी. पाहुणे आले की बोलवायचे, हातात नारळाची कवड द्यायचे. "किस बघू." मी दातांनी खोबरं खरवडायचो. पाहुणे हसायचे. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. गाढव. ते नाव पुसावं म्हणून तर दात सरळ करून घेतले होते.

पेटी मुंबईच्या पाहुण्यांनी उघडली. पाहुणीबाई किंचाळली. भाऊंनी कामावरच्या बाप्ये-बाया सगळ्यांना ओटीपुढच्या खळ्यात रांगेत उभं केलं. आईलाही.

"तोंडं उघडा."

एकेकाचे दात बघत माझ्यापाशी आले.

"खवणी, तुझं होय रे हे? तुम्हा लोकांना कशाला हवेत सरळ दात? फोटो काढायचेत?"

पाहुणे हसले. मीही हसलो. सवय.

"थांब, धुऊन देतो." खळ्यातल्या चुलीवर चहाचं आधण उकळत होतं. भाऊंनी रिटेनर चिमट्यात धरला.

"भाऊ, गरम पाणी..."

"गप."

आधणात सोडला. पट्टी माझ्यादेखत वाकडी झाली.

"घाल आता."

घातला. टाळू भाजली. तार हिरडीत घुसली. रक्ताची चव. एका पाहुण्याने मोबाईल वर धरला. भाऊंनी आतून कवड मागवली, माझ्या हातात दिली.

"किस बघू. की विसरलास?"

मी आईकडे बघितलं. ती अजून तोंड उघडं ठेवूनच उभी होती. मीट म्हणून तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी आधी रिटेनर काढला. बोलायचं होतं. कवड ओटीवर ठेवली.

"किसणार नाही. खवणी म्हणून हाक मारलीत तर वळणारही नाही. आई, तोंड मीट. चल."

"घर माझ्या जागेत आहे तुमचं," भाऊ मागून ओरडले.

"मोडून नेऊ."

पाखाडीच्या पायऱ्या उतरताना छाती फुगली होती. आईला सांगत सुटलो. डॉक्टरीणबाईंकडे दातांचा नवा साचा देणार. मिळेल ते काम करणार. घर उचलू, पण त्या खळ्यात पाय ठेवणार नाही. मी नाही, माझी पोरं तर नाहीच नाही.

आई थांबली. माझ्या तोंडाकडे निरखून बघितलंन.

"बोललंस ता बरा केलंस. पन दातात पेंढा हाय तुज्या. तसाच बोललंस त्यांच्याफुडं, येड्या."