धमन्यांचं वय

माणसाचं खरं वय जन्मतारखेवरून नव्हे, धमन्यांवरून ठरतं. पूर्णेतल्या हृदय तपासणी शिबिरात समई पेटवताना प्रमुख पाहुण्यांनी हे सांगितलं आणि गळ्यातल्या हारासकट ते पुढच्या कार्यक्रमाला गेले.

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला होता आणि माझ्या थोरल्या भावाला चालताना दम लागत होता, म्हणून मी त्याला आणि वहिनीला तिथं नेलं होतं. दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधून यंत्रानं निकाल दिला: दादाचं वय एक्कावन्न, धमन्यांचं बहात्तर. सोनोग्राफीत हृदयाची भिंत जाड झालेली दिसली.

"काका, धमन्या ताठ झाल्यात. आता मोळी उचलायची नाही. जिवाला धोका आहे," डॉक्टर म्हणाले.

ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. दादा घरी बसला, तर वहिनीलाही टोळीत जागा नाही.

"अर्धा कोयता कोन नेतंय, डॉक्टरसाब?" वहिनी म्हणाली.

यावर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. टोळीचा ट्रक सोमवारी निघणार होता आणि दादा त्यात बसणार होता, हे डॉक्टरांसकट आम्हा सगळ्यांना कळलं.

बसस्टँडवर दादानं विचारलं, "बहात्तर म्हनल्यावर यष्टीत हाफ तिकीट लागंल ना रे?"

"तेवढं तरी पदरात पाडून घ्या," वहिनी म्हणाली.

बसमध्ये त्यानं खरंच रिपोर्ट पुढं केला. कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. वहिनीला बाई म्हणून हाफ तिकीट मिळालं, दादाला फुल.