अक्काचं खत

स्वातंत्र्याच्या आठव्या वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या गावात एका विधवेचं खत लुटलं गेलं. मी लूटच म्हणतो. गावाने तिला ग्रामसफाई म्हटलं.

गाव जामनेरच्या रस्त्यावरचं. त्या बाईला सगळे अक्का म्हणत. नाल्याकाठी तिचं पट्टीभर वावर होतं. पाणी दिलं की चिखल, वाळलं की वीट. मुळा बोटभर खाली जायचा आणि तिथेच वाकडा व्हायचा. जमीन भुसभुशीत झाल्याशिवाय गाजर-मुळा पिकणार नाही आणि त्याशिवाय घर चालणार नाही, हे तिला कळत होतं. म्हणून दोन वर्षं तिने एक गोवरी थापली नाही. चूल कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर पेटवली आणि सगळं शेण उकिरड्याच्या खड्ड्यात टाकलं. वर राख, गुरांनी टाकलेला चघळ, लोकांनी बांधावर फेकलेले केळीचे खांब. शेवटी त्या खताला शेणाचा वास उरला नाही, मातीचा येऊ लागला.

आणि तालुक्याचे साहेब गाव बघायला येणार म्हणून सरपंचांनी गाड्या जुंपल्या. दुपारपर्यंत सगळे उकिरडे साफ. कचरा नाल्यात गेला. अक्काचं कुजलेलं खत मात्र सरपंचांच्या नव्या केळीत.

मी तेव्हा अमळनेरला कॉलेजात होतो, सुटीला घरी आलेलो. संध्याकाळी अक्काला घेऊन चावडीवर गेलो.

"आबा, हे खत कोणाचं?"

"गावाचं. उकिरडा गावठाणात, म्हंजे गावाचा," सरपंच म्हणाले. "आन् काय रे भाऊ, सफाईची पत्रकं तूच वाटे ना? घे, झाली सफाई!"

लोक हसले.

"गाव साफ करा असं लिहिलं होतं, आबा. हात साफ करून घ्या असं नव्हतं."

मग अक्काच्या शेजारची म्हातारी पुढे आली. आमच्याकडे दिवाळीत उकिरड्यावरही पणती ठेवतात. ज्याचा उकिरडा त्याची पणती. दुसऱ्याच्या उकिरड्यावर कोणी ठेवत नाही.

"आबा, त्या उकिरड्यावर यंदा दिवा कोनं लावला?" तिने विचारलं. "तुमच्या घरच्यानं लावला काय?"

हसणं थांबलं. सरपंच माणूस वाईट नव्हता. साहेबाच्या धाकाने गाव झाडायला निघाला आणि भरलेली गाडी आपल्या केळीकडे वळली, इतकंच. गरिबाचं जातं ते असंच, 'इतकंच' म्हणत जातं.

"देतो परत," ते म्हणाले. पण खत केळीच्या ओळींमधल्या मातीत मिसळलं होतं, वरून पाणी फिरलं होतं. "अक्का, गोठ्यातलं ताजं शेण ने. पायजे तेवढं ने."

"ताजं घालू? गाजराले टांगा फुटतीन, आबा. मी बाजारात गाजरं इकू का पायजमे?"

आता सरपंचही हसले. "मंग काय करू, तूच सांग."

"माह्यं खत जठी हाये, तठी मी गाजरं पेरीन."

आणि पेरली. सरपंचांच्या केळीच्या दोन ओळींमध्ये, त्यांच्याच मोटेच्या पाण्यावर. माघात गाजरं निघाली ती सरळ, हातभर. जळगावच्या बाजारात नेली, टोपली रिकामी करून आली.

इथे गोष्ट गोड झाली असं गाव आजही म्हणतं. मी म्हणत नाही. पीक तिला मिळालं, माती मिळाली नाही. गाजरं उपटली आणि खत केळीखालीच राहिलं. तिचं वावर तसंच विटेसारखं. दोन वर्षांची तिची राखण दुसऱ्याच्या जमिनीत मुरली, आणि ती पुन्हा शेणाची पहिली पाटी घेऊन रिकाम्या खड्ड्याशी उभी राहिली.

तुमच्याही गावात साहेब येतील. झाडू उचलण्याआधी ग्रामसभेत उभे राहा आणि कोणता उकिरडा कोणाचा, हे सरपंचाच्या तोंडून मोठ्याने वदवून घ्या. गाडी भरली तर तिच्या मागे चालत जा. ज्याचं खत त्याच्याच वावरात ती रिकामी होईपर्यंत घरी परतू नका.